फिन्सबरी मतदारसंघ : दादाभाई नौरोजींना निवडून देणाऱ्या लंडनच्या जागेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये ब्रिटिश संसदेत निवडून गेले, हे आपण शाळेत शिकतो. ते कुठून निवडून गेले, तिथले लोक कोण होते, आधी आणि नंतर त्यांनी कोणाला निवडलं, हे मात्र पुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं. दादाभाईंचं चरित्र कितीही वेळा वाचलं तरी त्या विजयाचं अर्धं उत्तर मतदारसंघाच्या इतिहासातच शोधावं लागतं, असं मला ठामपणे वाटतं. म्हणून वाचक नेहमी विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

फिन्सबरी हा भाग नेमका कुठे आहे?

लंडनच्या जुन्या ‘सिटी’च्या, म्हणजे बँका आणि सेंट पॉल कॅथीड्रल असलेल्या भागाच्या उत्तरेला लागून. क्लार्कनवेल, सेंट ल्यूक्स, पेंटनव्हिल ही त्यातली ठळक नावं. १९ व्या शतकात हा कारागिरांचा भाग होता. क्लार्कनवेलमध्ये घड्याळं बनवणारे, सोनार, हिरे बसवणारे, छपाई आणि पुस्तकबांधणी करणारे दाटीवाटीने राहत. एक जण घड्याळाची तबकडी बनवी, दुसरा काटे, तिसरा पेटी, आणि बहुतेकांचा कारखाना म्हणजे राहत्या घराचीच एखादी खोली. इटलीहून आलेल्यांची मोठी वस्तीही जवळच होती. वाचणारे, वाद घालणारे, सभांना जाणारे असे हे लोक होते. क्लार्कनवेल ग्रीन या चौकातल्या सभा तर लंडनभर प्रसिद्ध होत्या.

मतदारसंघ म्हणून त्याची सुरुवात कधी झाली?

१८३२ च्या सुधारणा कायद्याने. त्याआधी हा सगळा भाग मिडलसेक्स काउंटीच्या प्रचंड मतदारसंघात मोडत होता. त्या काळात ओल्ड सॅरमसारख्या ओसाड टेकडीला दोन खासदार होते आणि लंडनच्या वाढत्या उपनगरांना स्वतःचा एकही नव्हता. नव्या कायद्याने फिन्सबरीला दोन जागा मिळाल्या. तेव्हाचा फिन्सबरी मतदारसंघ पुढच्यापेक्षा खूप मोठा होता. इस्लिंग्टन, स्टोक न्यूइंग्टन आणि ब्लूम्सबरीपर्यंतचा भाग त्यात येई.

मताचा हक्क तेव्हाही सर्वांना नव्हता. वर्षाला निदान १० पौंड भाड्याची किंमत असलेलं घर ज्या पुरुषाकडे असेल, त्यालाच मत. पण लंडनमध्ये घरभाडी चढी असल्यामुळे इथे ही अट पुष्कळ दुकानदार आणि कारागीर पूर्ण करू शकत. फिन्सबरीचा जहाल कल पहिल्या दशकापासून दिसतो, त्यामागे हे एक साधं कारण आहे.

पहिल्या खासदारांपैकी एक रॉबर्ट ग्रँट. ग्रँट रोडशी त्यांचा संबंध आहे का?

हो, तेच हे ग्रँट. मुंबईकर वाचकाला हा धागा माहीत असायलाच हवा.

१८३२ मध्ये फिन्सबरीतून रॉबर्ट ग्रँट आणि रॉबर्ट स्पँकी निवडून आले. ग्रँट यांचा जन्म बंगालचा, वडील ईस्ट इंडिया कंपनीतले बडे अधिकारी. संसदेत त्यांनी लावून धरलेलं काम म्हणजे ज्यूंना बरोबरीचे राजकीय हक्क मिळवून देणं. त्यांचं १८३० चं विधेयक कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहातच पडलं. १८३३ मध्ये, फिन्सबरीचे खासदार असताना, त्यांनी ते कॉमन्समध्ये मंजूर करून घेतलं, पण लॉर्ड्सनी, म्हणजे वरच्या सभागृहाने फेटाळलं. ज्यू खासदाराला स्वतःच्या धर्माप्रमाणे शपथ घेऊन बसता यायला १८५८ उजाडलं.

ग्रँट यांची मुंबईच्या गव्हर्नरपदी नेमणूक झाली, १८३४ मध्ये त्यांनी फिन्सबरीची जागा सोडली आणि पुढच्या वर्षी ते मुंबईत दाखल झाले. १८३८ च्या जुलैमध्ये पुण्याजवळ दापोडीला त्यांचा मृत्यू झाला. ग्रँट रोड आणि १८४५ मध्ये सुरू झालेलं ग्रँट मेडिकल कॉलेज ही दोन्ही नावं त्यांच्यावरूनच पडली.

त्यांच्या कारकिर्दीची दुसरी बाजू साताऱ्याच्या इतिहासात नोंदलेली आहे. छत्रपती प्रतापसिंह महाराजांवर कंपनीच्या शिपायांना फितवल्याचा आरोप ठेवून चौकशी सुरू झाली ती १८३६ मध्ये, ग्रँट गव्हर्नर असताना. महाराजांना गादीवरून काढलं ते १८३९ मध्ये, पुढचे गव्हर्नर कार्नॅक यांच्या काळात. त्या अन्यायाविरुद्ध दाद मागायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथे झुंजत राहिले. लंडनमध्ये ज्यूंच्या हक्कांसाठी भांडणारा माणूस मुंबईत आल्यावर कंपनी सरकारच्या चाकोरीतून चालला, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. दादाभाई पुढे आयुष्यभर हेच सांगत राहिले की इंग्रज आपल्या घरी जी मूल्यं पाळतात, ती हिंदुस्थानात पाळत नाहीत.

फिन्सबरीला ‘जहाल’ म्हणायचं कारण काय?

दोन माणसं : टॉमस डंकम आणि टॉमस वॅकली.

ग्रँट यांची जागा रिकामी झाल्यावर १८३४ च्या पोटनिवडणुकीत डंकम निवडून आले आणि १८६१ मध्ये मृत्यू येईपर्यंत फिन्सबरीचे खासदार राहिले. उमराव घराण्यातला, राहणीने छानछोकीचा हा गृहस्थ संसदेत कामगारांचा वकील बनला. २ मे १८४२ रोजी चार्टिस्टांचा, म्हणजे मताचा हक्क मागणाऱ्या कामगार चळवळीचा, दुसरा मोठा अर्ज त्यांनीच सभागृहात मांडला. प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत आणि गुप्त मतदान या त्यातल्या प्रमुख मागण्या, आणि त्यावर ३३ लाखांहून अधिक सह्या. कागदांचा तो ढीग सभागृहाच्या दारातून आत जाईना. दुसऱ्या दिवशी २८७ विरुद्ध ४९ मतांनी त्यावर चर्चा करायलाही नकार मिळाला.

१८४४ मध्ये डंकम यांनी आणखी एक प्रकरण बाहेर काढलं. इटलीचा क्रांतिकारक माझिनी तेव्हा लंडनमध्ये आश्रयाला होता आणि जवळच्या हॅटन गार्डन भागात इटालियन मुलांसाठी शाळा चालवत होता. ब्रिटिश सरकार त्याची पत्रं गुपचूप फोडून वाचत होतं. डंकम यांनी माझिनीचा अर्ज सभागृहापुढे ठेवला आणि गृहमंत्री जेम्स ग्रॅहम यांची पंचाईत केली. ज्या माझिनीचं चरित्र पुढे सावरकरांनी मराठीत आणलं, तोच हा माझिनी.

वॅकली हे डॉक्टर. १८२३ मध्ये ‘लॅन्सेट’ हे वैद्यकीय साप्ताहिक त्यांनी सुरू केलं, ते आजही निघतं. फिन्सबरीत आधी हरून १८३५ मध्ये ते निवडून आले. डॉर्सेटमधल्या टोलपडल गावच्या सहा शेतमजुरांना संघटना बांधताना शपथ घेतली म्हणून ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर धाडलं होतं. वॅकलींनी कॉमन्समधलं पहिलं मोठं भाषण त्यांच्या सुटकेसाठी केलं आणि १८३६ मध्ये त्या मजुरांना माफी मिळाली. संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे कॉरोनर म्हणूनही त्यांनी नाव मिळवलं. १८४६ मध्ये हाउन्स्लोच्या छावणीत फटके खाऊन मेलेल्या एका सैनिकाचं प्रकरण त्यांनी दडपू दिलं नाही, आणि सैन्यातल्या फटक्यांच्या शिक्षेविरुद्ध देशभर संताप उसळला.

शेतमजूर, परदेशातून पळून आलेला निर्वासित, साधा शिपाई : ज्यांना फिन्सबरीत मत नव्हतं आणि कधी मिळणारही नव्हतं, त्यांच्यासाठी फिन्सबरीचे खासदार बोलत होते. पन्नास वर्षांनी हिंदुस्थानासाठी बोलणारा माणूस इथून उभा राहिला, तेव्हा हे इथल्या लोकांना अगदीच नवीन नव्हतं.

मग ‘सेंट्रल फिन्सबरी’ कुठून आलं?

१८८५ च्या फेररचनेतून. त्या वेळी बहुतेक सगळ्या देशात एका जागेचा एक मतदारसंघ केला गेला. इस्लिंग्टन वेगळं निघालं आणि उरलेल्या फिन्सबरीचे होलबर्न, सेंट्रल आणि ईस्ट असे तीन भाग झाले. सेंट्रल म्हणजे मुख्यतः क्लार्कनवेल.

तेव्हा मत कोणाला होतं? आणि हिंदी माणूस उमेदवार कसा होऊ शकत होता?

१८६७ आणि १८८४ च्या कायद्यांनंतर स्वतंत्र घर भाड्याने घेणारा पुरुष मतदार होऊ लागला. वर्षाला १० पौंड भाडं देणारा खोलीकरीसुद्धा मत देऊ शके, पण त्याला दरवर्षी नाव नव्याने नोंदवावं लागे. सारखी घरं बदलणारे गरीब त्यामुळे यादीबाहेर पडत. बायकांना संसदेसाठी मत नव्हतंच. १८७२ पासून मतदान गुप्त होतं.

उमेदवारीचं म्हणाल तर कायद्याने कुठलीच आडकाठी नव्हती. दादाभाई ब्रिटिश राणीचे प्रजाजन होते, तेवढं पुरे. अडचण होती ती पैशाची. खासदाराला १९११ पर्यंत पगार नव्हता, आणि निवडणुकीचा खर्चही स्वतःच भागवावा लागे.

दादाभाईंना ही उमेदवारी सहज मिळाली का?

मुळीच नाही. पहिला प्रयत्न १८८६ मध्ये, शेजारच्या होलबर्नमधून. तिथे हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या कर्नल डंकननी त्यांना मोठ्या फरकाने हरवलं. हातात वेळ थोडा होता, आणि आयर्लंडच्या स्वराज्याच्या प्रश्नावरून लिबरल पक्ष फुटला होता.

१८८८ मध्ये सेंट्रल फिन्सबरीच्या लिबरलांनी त्यांना उमेदवार ठरवलं. पण त्याच पक्षातले रिचर्ड ईव्ह यांनी निवड मानायला नकार दिला आणि वाद लांबला. पुढेही पक्षातला प्रतिस्पर्धी मैदानात राहिला. चार वर्षं दादाभाईंनी या भागात सभा घेतल्या, मंडळांमध्ये भाषणं केली, लोकांच्या ओळखी वाढवल्या. तेव्हा त्यांनी साठी ओलांडलेली होती.

त्यांचा जाहीरनामा फक्त हिंदुस्थानाचा नव्हता. आयर्लंडला स्वराज्य, लंडनला स्वतःचा कारभार, कामगारांचे हक्क आणि बायकांना मत, या सगळ्यांना त्यांचा पाठिंबा होता. क्लार्कनवेलमध्ये राहण्याच्या जागेचा प्रश्न पेटलेला होता. गरिबांच्या घरांविषयी १८८४ मध्ये नेमलेल्या शाही आयोगासमोर या भागातल्या दलालांचं आणि स्थानिक कारभाऱ्यांचं साटंलोटं उघडं पडलं होतं. अशा मतदारांपुढे फक्त दूरदेशीच्या दुःखाची कहाणी सांगून भागलं नसतं, आणि दादाभाईंना ते कळत होतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही त्यांना पाठिंबा दिला.

पंतप्रधान सॅलिसबरी काय बोलले होते?

होलबर्नचे डंकन वारल्यावर पोटनिवडणूक झाली. त्यानंतर १८८८ च्या नोव्हेंबरअखेर एडिंबरा इथल्या सभेत लॉर्ड सॅलिसबरी बोलले, त्याचा आशय असा : मानवजातीने कितीही प्रगती केली असली, तरी ब्रिटिश मतदारसंघ एखाद्या ‘काळ्या माणसाला’ निवडून देईल इतके आपण अजून पुढे आलेलो नाही.

त्याने इंग्लंडभर गदारोळ झाला. लिबरल नेत्यांनी आणि वृत्तपत्रांनी दादाभाईंची बाजू घेतली, आणि तोपर्यंत त्यांचं नावही न ऐकलेल्या लोकांना ते माहीत झाले. पण त्या बोलण्याने दादाभाईंचा फायदाच झाला, एवढंच म्हणून विषय सोडून देणं मला पटत नाही. ते एका देशाच्या पंतप्रधानाने त्याच देशाच्या प्रजाजनाबद्दल काढलेले उद्गार होते.

‘तीन मतांनी विजय’ हे खरं आहे का?

खरं आहे. जुलै १८९२ मध्ये दादाभाईंना २,९५९ आणि हुजूर पक्षाचे विद्यमान खासदार कॅप्टन फ्रेडरिक पेंटन यांना २,९५६ मतं मिळाली.

पेंटन कोण, हेही पाहिलं पाहिजे. पेंटनव्हिल ही वस्ती १८ व्या शतकात त्यांच्याच घराण्याने आपल्या जमिनीवर वसवली होती. ज्या गल्ल्यांमध्ये मतदान होत होतं, त्यांतल्या काहींना पेंटनांचं नाव होतं. जमीनदार घराण्याच्या विद्यमान खासदाराविरुद्ध मुंबईहून आलेला ६६ वर्षांचा गणिताचा माजी प्राध्यापक, अशी ती लढत होती. पेंटन यांनी निकालाला आव्हान दिलं, पण जागा दादाभाईंकडेच राहिली.

पुष्कळ जण या तीन मतांना नशीब म्हणतात. मला तसं वाटत नाही. २,९५९ घड्याळवाले, सोनार, छापखान्यातले कामगार आणि दुकानदार यांनी पंतप्रधानांचं ते भाषण ठाऊक असताना गुप्तपणे, आपल्या मर्जीने दादाभाईंच्या नावापुढे फुली मारली. मोठी गोष्ट ती आहे.

दादाभाई पहिलेच भारतीय खासदार ना?

लोकांनी निवडून दिलेले, हिंदुस्थानाचे प्रतिनिधी म्हणून उभे राहिलेले पहिले, असं म्हणणं बरोबर ठरेल. त्यांच्या आधी १८४१ मध्ये डेव्हिड ऑक्टरलोनी डाइस सोंब्र हे सडबरीतून निवडून आले होते. ते मिश्र वंशाचे, सरधन्याच्या बेगम समरूंचे दत्तक वारस. मतं विकत घेतल्याचं सिद्ध झाल्यामुळे पुढच्याच वर्षी त्यांची निवड रद्द झाली, आणि १८४४ मध्ये सडबरीचा प्रतिनिधित्वाचा हक्कच काढून घेतला गेला.

तीन वर्षांत दादाभाईंनी काय केलं?

शपथ त्यांनी खोरदेह अवेस्ता हे पारशांचं प्रार्थनापुस्तक हातात घेऊन घेतली. पहिलं भाषण ऑगस्ट १८९२ मध्येच केलं, आणि त्यात आपल्या मतदारांचे आभार मानले.

सर्वांत गाजलं ते सनदी परीक्षांचं प्रकरण. आयसीएसची परीक्षा फक्त लंडनला होत असे, त्यामुळे समुद्रापार जाऊ न शकणाऱ्या हुशार मुलांना दार बंद. २ जून १८९३ रोजी हर्बर्ट पॉल यांनी ठराव मांडला की परीक्षा एकाच वेळी इंग्लंड आणि हिंदुस्थान अशा दोन्हीकडे घ्यावी. दादाभाईंनी त्यासाठी आटोकाट प्रयत्न केले होते. थोड्या मतांच्या फरकाने तो मंजूरही झाला. सरकारने तो अमलात आणला नाही. हिंदुस्थानात ही परीक्षा सुरू झाली १९२२ मध्ये, दादाभाई वारल्यावर पाच वर्षांनी.

दुसरं काम म्हणजे हिंदुस्थानाच्या खर्चाची चौकशी करणारा वेल्बी आयोग. तो १८९५ मध्ये नेमला गेला आणि दादाभाई त्याचे सभासद होते. याच आयोगापुढे १८९७ मध्ये पुण्याहून गेलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी साक्ष दिली, आणि उलटतपासणीला त्यांनी दिलेल्या उत्तरांनी गोखल्यांचं नाव झालं. मुंबईचे दिनशा वाच्छाही साक्षीला होते. हिंदुस्थानातून संपत्तीचा ओघ इंग्लंडकडे कसा वाहतो, हे दादाभाई वर्षानुवर्षं मांडत होते. आता ते सरकारी कागदांत, आकड्यांसह नोंदलं गेलं.

१८९५ मध्ये ते का हरले?

त्या वर्षी देशभर लिबरलांची धूळधाण झाली. सेंट्रल फिन्सबरीत हुजूर पक्षाचे विल्यम मॅसी-मेनवॉरिंग ३,५८८ विरुद्ध २,७८३ मतांनी जिंकले. दादाभाईंची मतं १७६ ने घटली, हुजूर पक्षाची ६३२ ने वाढली. म्हणजे दादाभाईंचे मतदार त्यांना सोडून गेले असं आकडे सांगत नाहीत. विरोधकांनी गेल्या वेळी घरी राहिलेले मतदार बाहेर काढले असावेत. १९०६ मध्ये दादाभाई पुन्हा उभे राहिले, नॉर्थ लँबेथमधून, पण तिथे यश आलं नाही.

त्याच काळात संसदेत गेलेले इतर मुंबईकर?

दोघे, दोघेही पारशी. मंचरजी भावनगरी १८९५ मध्ये हुजूर पक्षातर्फे बेथनल ग्रीन नॉर्थ-ईस्टमधून निवडून आले आणि १९०६ पर्यंत राहिले. ब्रिटिश राजवटीचे समर्थक म्हणून आपल्याकडे त्यांच्यावर कडक टीका झाली. दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांचा प्रश्न मात्र त्यांनी नेटाने मांडला. दुसरे शापुरजी सकलातवाला, टाटांचे भाचे आणि पक्के कम्युनिस्ट. ते १९२२ मध्ये आणि पुन्हा १९२४ मध्ये बॅटरसी नॉर्थमधून निवडून आले.

दादाभाईंनंतर ही जागा कोणाकडे गेली? आणि मतदारसंघ संपला कधी?

मॅसी-मेनवॉरिंग १९०६ पर्यंत. मग कामगार संघटनांचे पुढारी विल्यम स्टेडमन, आणि जानेवारी १९१० पासून हुजूर पक्षाचे मार्टिन आर्चर-शी. आरमाराच्या शाळेत पाच शिलिंगांची पोस्टल ऑर्डर चोरल्याचा खोटा आळ ज्या मुलावर आला आणि ज्याचा खटला १९१० मध्ये इंग्लंडभर गाजला, त्या जॉर्जचे हे थोरले सावत्र भाऊ.

१९१८ मध्ये सेंट्रल फिन्सबरी बंद झालं आणि एकच फिन्सबरी मतदारसंघ झाला. तो आर्चर-शी यांच्यानंतर १९२३ पासून मजूर पक्षाकडे वळला. शेवटचे खासदार जॉन प्लॅट्स-मिल्स यांना डाव्या मतांपायी १९४८ मध्ये पक्षातून काढण्यात आलं. १९५० मध्ये शोरडिच आणि फिन्सबरी एकत्र झाले, आणि १९७४ पासून हा भाग ‘इस्लिंग्टन साउथ अँड फिन्सबरी’ मतदारसंघात आहे.

एक गोष्ट मात्र मला मुद्दाम सांगायची आहे. १९३८ मध्ये पंजाबातून आलेले डॉ. चुनीलाल कात्याल फिन्सबरीचे महापौर झाले, ब्रिटनमधले पहिले दक्षिण आशियाई महापौर. गरिबांना एका छताखाली मोफत उपचार देणारं फिन्सबरी हेल्थ सेंटर त्याच वर्षी उघडलं आणि त्यामागे कात्यालांचा मोठा हात होता. राष्ट्रीय आरोग्य सेवा त्यानंतर दहा वर्षांनी आली.

आज तिथे गेलं तर काय पाहता येईल?

रोझबेरी अॅव्हेन्यूवरच्या जुन्या फिन्सबरी टाउन हॉलवर दादाभाईंची स्मृतिफलिका आहे आणि जवळच नौरोजी स्ट्रीट. पेंटन स्ट्रीट आणि वॅकली स्ट्रीटही याच परिसरात आहेत. क्लार्कनवेल ग्रीनला आता मार्क्स मेमोरियल लायब्ररी आहे. १९०२-०३ मध्ये लेनिन याच इमारतीतून ‘इस्क्रा’ हे रशियन क्रांतिकारकांचं वृत्तपत्र काढत असे. दादाभाई पुढे जिथे राहिले, ते दक्षिण लंडनमधल्या पेंज इथलं घरही आवर्जून पाहावं. त्यावर २०२२ मध्ये निळी पाटी लावली आहे.

फिन्सबरी पार्क म्हणजे हेच का?

नाही, आणि इथे खूप जण फसतात. फिन्सबरी पार्क स्टेशन आणि बाग या भागापासून बरीच उत्तरेला आहेत. दाटीत राहणाऱ्या फिन्सबरीकरांनी १८४० च्या दशकापासून मोकळ्या जागेची मागणी लावून धरली होती. जवळपास जागाच उरली नव्हती, म्हणून १८६९ मध्ये बाग उघडली ती दूर हॉर्न्सीच्या हद्दीत, आणि ज्यांच्यासाठी ती केली त्यांचं नाव तिला दिलं गेलं. दादाभाईंचा मतदारसंघ पाहायचा असेल तर फॅरिंग्डन किंवा एंजल स्टेशनवर उतरा आणि तिथून चालत जा.